उपग्रहाच्या नकाशात आमचं खाजन कुठाय?

परवा मामाच्या गावी गेले होते, गोव्यातल्या तिसवाडीतलं मांडवीकाठचं गाव. जेवणं झाल्यावर मामाला मोबाईलवर त्याच्याच गावाचे दोन सॅटेलाइट फोटो दाखवत होते, एक १९९० च्या आसपासचा आणि एक आत्ताचा, बाजूबाजूला लावलेले. जुन्या फोटोत नदीच्या कडेला फिकट तपकिरी पट्टा दिसतो, नव्यात तिथंच गच्च गडद हिरवं. मी म्हटलं, मामा बघ, इथं केवढी झाडी वाढलीय. त्यानं चष्मा नीट केला, बोटानं फोटो मोठा केला, आधी नदीचं वळण शोधलं, मग बांधाची उरलेली रेघ शोधली आणि मग म्हणाला, "हें रान न्हय गो बाय, हें आमचें शेत."

खाजन म्हणजे काय हे गोव्याबाहेरच्या वाचकांसाठी थोडक्यात सांगते. भरतीचं खारं पाणी जिथपर्यंत यायचं ती सखल जमीन आमच्या पूर्वजांनी चिखलाचे, जांभ्या दगडाचे बांध घालून नदीकडून सोडवून घेतली, आणि बांधात जागोजागी मानशी बसवल्या. मानस म्हणजे लाकडी दारांचं झडप, ओहोटीला आतल्या पाण्याच्या जोरानं आपोआप उघडतं, भरती आली की बाहेरच्या पाण्याच्या दाबानं आपोआप बंद होतं, ना मोटर ना वीज. आत पावसाळ्यात कोरगुटासारखं खारं सहन करणारं भात, पोंयत म्हणजे बांधाआतल्या तळ्यात मासळी, आणि सगळ्याची देखभाल पूर्वी गावकरीकडे म्हणजे कोमुनिदादकडे, गावाच्या सामाईक जमिनीच्या संस्थेकडे. असं जवळजवळ १७-१८ हजार हेक्टर खाजन गोव्यात आहे असं धरलं जातं, आणि ३७०२ चौरस किलोमीटरच्या राज्यात हा आकडा लहान नाही. आता यातली मानस मोडली, बांधाला भगदाड पडलं आणि दोन-तीन पावसाळे कुणी बुजवलं नाही की खारं पाणी आत येऊन बसतं, भात संपतं आणि खारफुटीच्या बिया पाण्याबरोबर येऊन रुजतात. दहा वर्षांत वरून बघणाऱ्याला तिथं सुंदर हिरवं जंगल दिसतं. मामाच्या गावात हेच झालं. भगदाड पडलं तेव्हा अर्ज झाले, माणसं आली, मोजमाप घेऊन गेली, आणि बुजवायला कुणी आलं नाही.

मला त्या दिवशी जास्त लागलं ते वेगळ्याच कारणानं. मी गेली काही वर्षं कॉम्प्युटरवर नकाशे करण्याचंच काम करते, आणि काही वर्षांपूर्वी एका प्रोजेक्टमध्ये याच काठाचा जमीन-बदलाचा नकाशा माझ्याच हातून गेला होता. त्यात हा पट्टा मी 'वृक्षाच्छादनात वाढ' म्हणून हिरव्या रंगात दाखवला होता. सॉफ्टवेअरनं दाखवलं, मी तपासलं, फोटोत खरंच झाडं होती, तांत्रिकदृष्ट्या चूक काहीच नव्हती. आमच्या ऑफिसात खाली जाऊन बघायला वेळ आणि पैसे नव्हते, सगळे नमुने खुर्चीत बसून स्क्रीनवर टिपलेले. मामाकडे माझं दर वर्षी जाणं होतं, चतुर्थीला, जत्रेला, आणि त्याला एकदा विचारावं हे मला सुचलं नाही. ते मला आजही खुपतं, आणि म्हणूनच हे लिहायला बसले.

माझं म्हणणं एवढंच आहे की गोव्याच्या जमिनीचा वर्षावर्षाचा उपग्रह-नकाशा हे आता सार्वजनिक दप्तर झालं पाहिजे, जमिनीच्या एक-चौदाच्या उताऱ्यासारखं कुणालाही मागता आलं पाहिजे, आणि त्यातल्या रंगांना काय नाव द्यायचं हे ठरवताना गावातल्या माणसाला विचारलं गेलं पाहिजे. विचारण्याचा टप्पा गाळून नुसता नकाशा आला तर तो आपल्याच विरोधात वापरला जाणार आहे, काही ठिकाणी जातोयच.

आधी ही सगळी माहिती येते कुठून ते बघू, कारण बऱ्याच जणांना वाटतं की हे काहीतरी लष्करी, गुप्त, महागडं प्रकरण आहे. अमेरिकेचा पहिला लँडसॅट १९७२ मध्ये गेला. १९८४ मध्ये लँडसॅट ५ गेला आणि तो बिचारा जवळजवळ २०१३ पर्यंत राबला, तेव्हापासूनचे ३० मीटरचे, म्हणजे एक ठिपका ३० मीटर लांब-रुंद असलेले, फोटो जपून ठेवलेत. आपला भारताचा आयआरएस-१ए उपग्रह १९८८ चा. २००८ मध्ये लँडसॅटचं पूर्ण भांडार फुकट खुलं झालं आणि या क्षेत्रात त्याच्याएवढी मोठी गोष्ट दुसरी झाली नसेल, तोपर्यंत एकेका फोटोला पैसे मोजावे लागायचे त्यामुळे वर्षावर्षाची मालिका करण्याचा विचारही कॉलेजातली पोरं करू शकत नव्हती. मग २०१५ पासून युरोपचा सेंटिनेल-२ आला, १० मीटरचा, २०१७ मध्ये त्याचा जोडीदार आल्यावर दोघं मिळून पाच-पाच दिवसांनी त्याच जागेवरून जायला लागले, आणि तोही फुकट. आपल्या इस्रोचं भुवन हे नकाशांचं संकेतस्थळ २००९ पासून आहे, इस्रोच्याच हैदराबादच्या एनआरएससी या केंद्रानं २००५-०६, २०११-१२ आणि २०१५-१६ असे तीनदा देशभराचे जमीन-वापराचे नकाशे केलेत. म्हणजे गोवा मुक्तीनंतरच्या साठ-पासष्ट वर्षांतली पन्नासेक वर्षं वरून कॅमेऱ्यात आहेत. अधेमधे खंड आहेत, २००३ मध्ये लँडसॅट ७ मध्ये बिघाड झाला तेव्हापासून त्याच्या प्रत्येक फोटोत काळ्या रिकाम्या पट्ट्या आहेत, तरी पण गावाचा इतिहास बघायला पुरतील एवढे फोटो आहेत.

आणि मशीन ते वाचतं कसं, तर हिरवं पान लाल प्रकाश खाऊन टाकतं आणि डोळ्याला न दिसणारा जवळचा अवरक्त प्रकाश जोरात परत फेकतं. उपग्रह दोन्ही मोजतो. दोघांमधली वजाबाकी भागिले बेरीज केली की एक आकडा येतो, त्याला एनडीव्हीआय म्हणतात. आकडा जास्त म्हणजे तिथं पानं जास्त. बस, त्याला एवढंच कळतं. ते पान काजूचं आहे का, रबराचं का, माडाचं का, बुडालेल्या शेतात उगवलेल्या खारफुटीचं का, हे एका आकड्यावरून कळत नाही. ते कळण्यासाठी प्रकाशाच्या बाकीच्या पट्ट्या, वेगवेगळ्या महिन्यांचे फोटो आणि मुख्य म्हणजे माणसानं दाखवलेले नमुने लागतात, की बाबा हा ठिपका कुळागर म्हणजे सुपारीची बाग, हा ठिपका रान. मशीन त्या नमुन्यांवर शिकतं. नमुने ज्यानं दिले त्याला जमीन कितपत माहितीय त्यावर पुढचं सगळं.

आता या नजरेनं आपला रोजच्या चर्चेतला आकडा बघा. भारतीय वन सर्वेक्षणाच्या २०२१ च्या अहवालात गोव्याचं वनाच्छादन २२४४ चौरस किलोमीटर, म्हणजे ६०.६२ टक्के. विधानसभेत, भाषणात, पर्यटनाच्या जाहिरातीत हा साठ टक्क्यांचा आकडा फिरत असतो. पण त्या अहवालात वनाच्छादनाची व्याख्याच अशी आहे की एक हेक्टर किंवा जास्त जागा आणि १० टक्क्यांपेक्षा जास्त छत्र म्हणजे झाडांच्या फांद्या-पानांचं आच्छादन असलं की ते वनाच्छादन, जमीन कुणाची, झाड कुठलं याचा संबंध नाही. अहवालात हे स्वच्छ लिहिलेलं असतं, सर्वेक्षणानं काही लपवलेलं नाही. पण आपल्याकडे त्याचा अर्थ काय होतो बघा, काजूची बाग वनाच्छादन, रबर वनाच्छादन, बार्देश-सासष्टीतली माडांची भाटं दाट असली तर ती वनाच्छादन, आणि त्या माडांखाली बांधलेली घरं छत्राखाली झाकली गेली म्हणून नकाशाला दिसतच नाहीत. सरकारी दप्तरी वन म्हणून नोंदलेली जमीन या आकड्याच्या निम्म्याहून थोडीशीच जास्त भरते. सत्तरीत जुनं रान तोडून कुणी काजू लावला आणि काजू पाच-सात वर्षांचा झाला की आकडा परत जागेवर, मधल्या काळात तिथली किंदळ-माट्टीची रानझाडं, त्यावरचे पक्षी, खालचा ओलावा हे सगळं गेलं त्याची नोंद कुठंच नाही.

खारफुटीचंही तसंच. वन सर्वेक्षणाच्या सुरुवातीच्या अहवालांत गोव्याची खारफुटी एक आकडी चौरस किलोमीटरमध्ये होती, २०२१ मध्ये ती २७ होती. यातला बराच फरक मोजण्याची पद्धत बारीक झाल्यानं पडलाय, काही ठिकाणी खरोखर लागवड झालीय, संरक्षण झालंय, आणि ती चांगलीच गोष्ट आहे, खारफुटी मासळीचं माहेरघर आहे हे मी नाकारत नाही. पण उरलेला काही भाग मामाच्या शेतासारखा आहे. वरून दोन्हींचा रंग एक. आणि एकदा खारफुटी पसरली की सीआरझेडचं, म्हणजे किनारपट्टी नियमनाचं, कडक संरक्षण लागू होतं, मग शेतकऱ्याला बांध दुरुस्त करून शेत परत उभं करणं जवळजवळ अशक्य. म्हणजे बांध फुटला हा शेतकऱ्याचा दोष नाही, वेळेत बुजवला गेला नाही हाही बऱ्याचदा त्याचा एकट्याचा दोष नाही, पण त्याच्या जमिनीवर राज्याची हिरवाई वाढल्याची नोंद होते आणि तो कायमचा बाहेर.

यात आणखी एक गुंता आहे. कोर्टात खासगी वन ठरवताना गोव्यात निकष वेगळे आहेत, किमान ५ हेक्टर जागा, ०.४ म्हणजे ४० टक्के छत्र, ७५ टक्के वनवृक्ष, आणि सुप्रीम कोर्टानं २०२४ मध्ये तेच कायम ठेवले. म्हणजे एकच टेकडी, वन सर्वेक्षणाच्या अहवालात ती वन म्हणून साठ टक्क्यांत मोजली जाते आणि कापायची वेळ आली की वन ठरत नाही. सर्वसामान्य माणसानं दोन्ही कागद एकाच वेळी कधी बघितलेले नसतात म्हणून हे खपून जातं.

पण मला सगळ्यात जास्त काळजी सड्यांची वाटते. सडा म्हणजे जांभ्या दगडाचं पठार, पेडण्यात, बार्देशात, डिचोलीत, केप्यात, सगळीकडे आहेत. उपग्रहाला स्वच्छ आकाश मिळतं नोव्हेंबर ते मे. गोव्यात पाऊस पडतो साधारण तीन हजार मिलिमीटर आणि तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबरमध्ये, तेव्हा वर ढगांचं गोधडं, फोटो घेतला तरी पांढरा. त्यामुळे बहुतेक नकाशे फेब्रुवारी-मार्चच्या फोटोंवर होतात, आणि फेब्रुवारीत सडा कसा दिसतो तर काळा-तांबडा, उघडा, सुकलेलं गवत, एखाददुसरं झुडूप. मशीन त्याला नाव देतं उजाड, ओसाड, झुडपी. ही नावं मशीनची नाहीत, माणसांनी दिलेल्या यादीतली आहेत. आता ऑगस्टमध्ये याच सड्यावर जाऊन बघा, दगडावर बोटभर माती आणि तिच्यावर निळ्या-जांभळ्या सीतेच्या आसवांची चादर, गेंदासारखी पांढरी फुलं, किडे खाणारी दवबिंदू, पाण्याच्या डबक्यांत बेडूक, आणि पाऊस त्या भेगांतून आत जिरत असतो तो खाली गावाच्या झरीला मे महिन्यापर्यंत पुरतो. आमच्या लहानपणी सड्यावर गुरं सोडायचे. ज्या गावात सडा आहे तिथल्या कुठल्याही बाईला विचारा पाणी कुठून येतं, ती वर बोट दाखवेल.

मोपाचं पठार असंच होतं. तिथं आता विमानतळ आहे, डिसेंबर २०२२ मध्ये उद्घाटन झालं, जानेवारी २०२३ पासून विमानं उडतात. विमानतळ हवा होता का नको यावर माझ्या घरातसुद्धा दोन मतं आहेत आणि तो वाद मी इथं उकरत नाही. मला फक्त एवढं दाखवायचंय की २०१५ आणि २०२३ चे फोटो शेजारी ठेवून नेहमीच्या यादीनं नकाशा केला तर उत्तर काय येईल, तर मोठा भाग 'झुडपी आणि उजाड जमिनीचं बांधकामात रूपांतर'. वाचणाऱ्याला वाटणार की चला, उजाड जागेचा उपयोग झाला. पुढच्या सड्याची फाईल येते तेव्हा हेच वाक्य तयार असतं, जमीन पडीक आहे, झाडं नाहीत, शेती नाही. नुकसान व्हायच्या आधीच ते नकाशानं शून्य करून ठेवलेलं असतं.

भाताचंही हेच. खाजनात पीक पावसाळ्यात, त्याला सरदी म्हणतात. फेब्रुवारीच्या फोटोत ते शेत मोकळं, आणि वायंगण म्हणजे उन्हाळी भात न करणारं प्रत्येक शेत पडीक वाटतं. यावर उपाय आहे, ढगांच्या आरपार बघणारा रडार, युरोपचा सेंटिनेल-१ २०१४ पासून हेच करतोय. लावणीच्या वेळी शेतात पाणी भरलेलं असतं तेव्हा रडारला ते काळं गुळगुळीत दिसतं, भात उभं राहिलं की उजळ होत जातं, त्यामुळे कुठल्या शेतात यंदा लावणी झाली आणि कुठल्या शेतात नाही हे ऑगस्टमध्येच कळू शकतं. आता तर इस्रो आणि नासाचा निसार हा रडार-उपग्रह जुलै २०२५ मध्ये श्रीहरीकोट्याहून गेलाय, बारा-बारा दिवसांनी तीच जागा बघणारा. साधनं नाहीत असं म्हणायची सोय राहिलेली नाही.

खाणींबद्दल थोडंसंच बोलते कारण त्यावर खूप लिहून झालंय. डिचोली, सत्तरी, सांग्याचे खाणपट्टे लँडसॅटच्या जुन्या फोटोंतही नवशिक्याला ओळखता येतात, तांबडी जखम दर वर्षी पसरत जाते. २०१२ मध्ये खाणी थांबल्या, मग परत सुरू, २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टानं ८८ लीज रद्द केल्या आणि पुन्हा थांबल्या. थांबल्यावर खड्ड्यांत पाणी साचलं. आता त्याच नेहमीच्या यादीनं वर्गीकरण केलं की तो खड्डा होतो 'जलाशय'. डंपवर म्हणजे खाणीच्या मातीच्या ढिगावर अकेशिया लावली की ती होते वृक्षाच्छादन. म्हणजे खाणपट्ट्यातल्या एखाद्या गावाच्या नकाशात जलसाठे वाढले, झाडी वाढली असं दिसू शकतं आणि त्याच गावात उन्हाळ्यात टँकरनं पाणी येत असतं.

एक हिशोब सांगते, तो आमच्या कामात सगळ्यांना माहिती असतो पण बाहेर कुणी बोलत नाही. समजा १९९५ चा नकाशा ८५ टक्के अचूक आहे आणि २०२५ चाही ८५ टक्के. दोन्ही चांगले म्हणायचे. पण दोन्ही एकावर एक ठेवून बदल काढला तर दोन्ही ठिकाणी बरोबर असण्याची शक्यता ०.८५ गुणिले ०.८५, म्हणजे ७२ टक्के. म्हणजे बदलाच्या नकाशातला प्रत्येक चौथा ठिपका संशयित. त्यात लँडसॅटचा एक ठिपका ९०० चौरस मीटरचा, आमच्याकडे घराचा प्लॉट ३००-४०० चौरस मीटरचा, एका ठिपक्यात दोनेक घरं, दोन माड, विहीर आणि गडगा. अशा नकाशावरून 'गेल्या दहा वर्षांत बदल नगण्य' असं कुणी सांगितलं तर विचारायचं, की तुमची चूक किती आणि बदल किती. चुकीपेक्षा बदल लहान असेल तर त्या वाक्याला काही अर्थ नाही. हा प्रश्न ग्रामसभेत कुणीही विचारू शकतो, त्याला डिग्री लागत नाही.

आणि हे आत्ताच का, तर झोन, म्हणजे कुठली जमीन कशासाठी वापरायची याची सरकारी वाटणी. २००६ च्या प्रादेशिक आराखड्याविरुद्ध लोक रस्त्यावर आले, २००७ मध्ये तो रद्द करावा लागला, २०२१ चा आराखडा आला, आणि मग नगरनियोजन कायद्यात एकेक कलम घालून सर्वे नंबरागणिक झोन बदलायची वाट काढली गेली. २०२३ पासून १७(२), २०२४ पासून ३९अ. १७(२) चे नियम उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठानं मार्च २०२५ मध्ये रद्द केले. पण मूळ प्रश्न राहतोच, की एखादी जमीन 'चुकून' ऑर्चर्ड म्हणजे बागायत किंवा नैसर्गिक आच्छादनात दाखवली गेली, ती सेटलमेंट म्हणजे घरं बांधण्याजोगी करा असा अर्ज आला तर ती जमीन गेल्या तीस वर्षांत खरंच काय होती हे कोण बघतं? फोटो आहेत ना तीस वर्षांचे. प्रत्येक अर्जाबरोबर त्या सर्वे नंबरची तीस वर्षांची मालिका लावायला सांगा, उन्हाळ्यातले फोटो आणि २०१४ पासूनचा पावसाळ्यातला रडार दोन्ही, आणि ती आधी त्या गावच्या ग्रामसभेसमोर ठेवा. अर्ज करणाऱ्याचं खरं असेल तर त्यालाही पुरावा मिळेल. सर्वे नंबरांच्या हद्दी कॉम्प्युटरवर आहेत, उपग्रहाचे फोटो फुकट आहेत, क्यूजीआयएस हे नकाशे करायचं सॉफ्टवेअर फुकट आहे. गावातल्या हायस्कूलच्या पोरीला आठवड्यात शिकवता येईल असं काम आहे हे, मी शिकवलंय.

गावाला विचारलं नाही की काय होतं हे आपण किनारपट्टी आराखड्याच्या वेळी बघितलं. मसुदा चेन्नईच्या संस्थेनं केला, २०२१ मध्ये सुनावण्या झाल्या तेव्हा गावागावांतून लोक कागद घेऊन उभे राहिले, की आमच्या वाळूच्या टेकड्या कुठायत, आमचे बांध, मानशी, पोंय, होड्या लावायच्या जागा कुठायत. त्या लोकांना कुणी रिमोट सेन्सिंग शिकवलं नव्हतं. त्यांना त्यांची जागा माहिती होती. त्यांच्याकडची माहिती नकाशा करताना घेतली असती तर विरोध करायला उभंच राहावं लागलं नसतं.

माझ्याच क्षेत्रातले मित्र यावर म्हणतात की अगं प्रत्येक गावाचे वेगळे वर्ग केले तर देशभराची तुलना कशी करणार, आणि मुद्दा बरोबर आहे. जगभराचे तयार नकाशे आहेत ते नऊ-दहा-अकरा वर्गांत बसवलेले असतात, त्यात बर्फाला वर्ग असतो कारण जगात कुठंतरी बर्फ आहे. खाजनाला नसतो. दिल्ली-हैदराबादची यादी त्यांच्या कामासाठी राहू दे ना, मी ती मोडा म्हणत नाहीये, पण तिच्याखाली आपला एक थर असू दे: खाजन-लावणीचं, खाजन-पडीक, खाजन-बुडालेलं, सडा, कुळागर, भाट, काजू, रबर, जुनं रान, खाणीचा खड्डा. वरच्या यादीत बेरीज करून टाकायची असेल तेव्हा करा. खालचा थर शाबूत असला की निदान मामाचं शेत कुठल्या रकान्यात गेलं ते शोधता येतं.

दुसरा आक्षेप जास्त अवघड आहे, की गावातली माणसंही हितसंबंधांची असतात, ज्याला विकायचंय तो बुडालेलं शेत मुद्दाम पडीक सांगेल, ज्यानं पोंयीच्या मासळीसाठी मानस उघडी ठेवली तो बांध आपोआप फुटला म्हणेल. सांगतील, काही जण सांगतील. म्हणून तर दोन्ही लागतात. फोटोला तारीख असते, ती बदलता येत नाही, बांध कुठल्या वर्षी कुठल्या ठिकाणी फुटला ते मालिकेत दिसतं. आणि फोटोला जे कळत नाही ते माणूस सांगतो. एकानं दुसऱ्याला पकडायचं. आत्ता होतं काय की फोटो वाचणारा एकीकडे पणजीत किंवा हैदराबादेत, माणूस दुसरीकडे बांधावर, आणि मधला कागद ज्याच्या हातात त्याचं फावतं.

मामाच्या त्या फोटोचं पुढं असं झालं की मी लॅपटॉप काढला आणि आम्ही १९८९ पासून एकेक वर्ष पुढं जात गेलो. तो प्रत्येक फोटोला थांबायचा. एका वर्षी म्हणाला, हा फोटो वायंगणाचा, बघ हिरवं फक्त वरच्या अंगाला आहे, तिथंच गोडं पाणी पोचायचं. मग एका फोटोत काठावर छोटा काळा डाग दिसला, पुढच्यात मोठा, त्याच्या पुढच्यात अर्धा पट्टा काळा. त्यानं बोट ठेवलं तिथं. मानस त्याच ठिकाणी होती. नंतर तीन-चार वर्षं काळंच, आणि मग कडेनं हिरवं यायला लागलं ते वाढतच गेलं.

त्यानंतर त्यानं मला शेतांची नावं सांगितली, प्रत्येक तुकड्याला नाव होतं, मानशीकडलें, धाकटें, वडाकडलें, असं करत करत बावीस. मी प्रत्येकाला हद्द काढून नाव टाकलं, वर्ग टाकला 'खाजन-बुडालेलं', पाणी शिरल्याचं वर्ष टाकलं. तीन तुकड्यांच्या हद्दी त्याला नक्की सांगता येईनात, फोटोवरून कळत नाही म्हणाला, जागेवर जायला हवं. नारळी पौर्णिमेनंतर मोठी ओहोटी असेल त्या दिवशी उरलेल्या बांधावरून जायचं ठरलंय, शेजारचे दोघं जुने शेतकरी येणार आहेत, आणि पंचायतीतल्या आमच्या वॉर्डाच्या बाईंनाही बोलावलंय.